उंटावरच्या शहाण्याची कुंची

वसुधा पांढरीपांडे हे नाव फ्रीमाँटमधल्या एकाही अमेरिकन माणसाला कधी धड उच्चारता आलं नाही, पण त्यामुळे कुणाचं काही अडलंही नाही. ज्यांना तिची गरज असे ते मराठीच असत. गावातल्या कुठल्याही मराठी घरात गोड बातमी आली, की दुसरा नाहीतर तिसरा फोन वसुधाला जायचा आणि बारशाच्या दिवशी ती हातात कापडी पिशवी घेऊन हजर. पिशवीत कुंची. डोक्यावर टोपीसारखी बसणारी, पाठीवरून खाली सोडलेली, पुढे बंद बांधलेली, आणि शिवलेली कुणाच्या तरी जुन्या काठपदरी साडीची. सांता क्लारापर्यंतची मराठी बाळं तिच्या कुंच्यांमध्ये पहिलावहिला फोटो काढून घेऊन मोठी झाली.

नागपूरला धंतोलीत तिचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. पुण्याच्या शंतनूशी लग्न करून ती अमेरिकेत आली आणि व्हिसाने तिला बजावलं, की बाई गं, इथे राहा, खा, हिंड, पण नोकरी-धंदा करायचा नाही. वसुधासारखीला काम करू नकोस म्हणणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नकोस म्हणणं. तिने कामाचा सपाटा लावला. फक्त त्याचे पैसे घेतले नाहीत.

तिची पद्धत ठरलेली होती. कुंची शिवून झाली की ती धुरवायची. घरामागच्या पॅटिओवर बार्बेक्यू पेटवायचा, निखाऱ्यांवर ओवा, वेखंड आणि शेपा टाकायच्या आणि त्या धुरावर कुंची धरायची. बाळाला धुरी द्यायची नाही, बाळाच्या कपड्याला द्यायची, हा तिने अमेरिकेसाठी काढलेला तोडगा. मग कुंचीच्या मानेपाशी आतून ओव्याची एक लहानशी पुरचुंडी टाचायची, म्हणजे बाळाला सर्दी होत नाही. एकदा शेजारच्या बाईंनी हा कसला धूर म्हणून सोसायटीकडे तक्रार केली. चौकशीला आलेला माणूस जाताना पोटात गॅस धरतो म्हणून मूठभर ओवा घेऊन गेला. तक्रार तिथेच विरली.

शंतनू सांता क्लाराच्या एका लहानशा कंपनीत होता. गोदामात खोकी उचलणारे यांत्रिक हात ते बनवत. दोन हजार पाचच्या सुरुवातीला त्यांचा मालक डग एक भलतंच काम घेऊन आला. आखाती देशातल्या एका धनिकाचा उंटांचा मोठा तबेला होता. शर्यतीत उंटावर स्वार म्हणून तिथे लहान मुलं बसवत. त्यावरून जगभर आता ओरड सुरू झाली होती आणि मुलांच्या जागी यंत्र बसवता येईल का, असं त्या धनिकाने विचारलं होतं. यंत्राने उंटाच्या पाठीवर बसायचं, एका हाताने चाबूक फिरवायचा आणि मालकाने शेजारून गाडीत बसून रिमोटने ते चालवायचं.

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या," वसुधा पोळी लाटता लाटता म्हणाली.

"शेळ्या नाहीत गं, उंटच हाकायचाय."

"तुझा तो रोबो म्हणजे मग उंटावरचा शहाणाच झाला की!"

झालं. इंजिनियर लोकांनी यंत्राला जे काही आकडे-अक्षरांचं नाव दिलं होतं ते त्या पोळीबरोबर लाटलं गेलं आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं शहाण्या. डगसुद्धा 'शान्या, शान्या' म्हणू लागला.

शहाण्याची पहिली चाचणी नेवाडातल्या एका रँचवर झाली. तिथल्या बाई हौसेने उंट पाळत, जत्रेत पळवत. त्यातली मार्था नावाची सांडणी त्यांनी दिली. मार्थाने पाठीवरचं ते लोखंडी डबडं मान वळवून एकदा पाहिलं, एकदा हुंगलं आणि अशी काही उडी मारली की शहाण्या कुंपणापलीकडे आणि डग कुंपणावर. शंतनू खरचटलेलं कोपर घेऊन घरी आला.

आखातातून फोनवर अल्ताफ म्हणून एक जण त्यांना सल्ला द्यायचा. तो त्या तबेल्यात उंटांना तयार करायचा. तो म्हणाला, उंटाला पाठीवर माणसाचा आकार लागतो आणि माणसाचा वास लागतो. तुमच्या यंत्राला यातलं काहीच नाही, त्याला ग्रीसचा वास येतो.

"वसू, प्लीज, एक छोटा शर्ट शिवून दे ना," शंतनू म्हणाला आणि त्याने मापं पुढे केली. "डगने ठरवलीत. छाती, खांदे, बाह्या. त्या मुलांच्या मापाचाच बनवलाय शहाण्याला."

शर्ट शिवायला काय, एक दुपार. पण शहाण्या ऑफिसात, मग मापाला घालून बघणार कुणाला? घरात स्वानंदी होती, साडेचार वर्षांची, एका जागी न ठरणारी. वसुधाने तिला धरून शर्ट चढवला. खांदे बरोबर, बाह्या बरोबर. छातीला मात्र बोटभर आवळ.

स्वानंदी आरशापुढे गिरक्या घ्यायला लागली आणि वसुधा तोंडात धरलेल्या टाचण्यांसकट जमिनीवर बसून राहिली.

संध्याकाळी शंतनू आला तेव्हा शर्ट जेवणाच्या टेबलावर होता.

"किती वर्षांची असतात रे ती मुलं?"

शंतनूने बॅग ठेवली. "अगं, वेगवेगळी असतात."

"हा शर्ट स्वानंदीला घट्ट होतो, शंतनू. किती वर्षांची?"

"चार. पाच. वजन वाढू नये म्हणून... त्यांना जास्त जेवायला देत नाहीत." मग न विचारताच तो पुढे बोलला. "ती उंटाच्या पाठीवर रडतात ना, ओरडतात. त्यानेच उंट जोरात पळतो म्हणे."

वसुधा रागावली की तिची भाषा थेट धंतोलीला जाऊन पोचायची. "काहून सांगितलं नाही मले आधी? कुठून आणतात लेकरं? त्यांच्या माया काय करून राहिल्या तिकडे? आणि तुम्ही इथं बसून शर्टाची मापं काढून राहिले!"

"मापं काढतोय ती त्यांना खाली उतरवायलाच ना, वसू! तो तबेल्याचा मालक मे महिन्यात येतोय बघायला. त्याला पटलं तर पुढच्या मोसमात त्याच्या तबेल्यातली सगळी मुलं घरी जातील. नाही पटलं तर तो म्हणणार, बघा, यंत्राने जमत नाही."

वसुधाने तो शर्ट उचलला, उसवला आणि पायपुसण्याच्या चिंध्यांत टाकून दिला.

"शर्टाने काय होतंय! डोकं उघडंच राहतं, वायरी दिसतात. याला कुंची पाहिजे. वरून खालपर्यंत झाकेल, आणि धुरी दिली की ग्रीसचा वाससुद्धा जाईल. माझी बाळं मी अशी उघडी नाही पाठवत कुठं."

शहाण्या तिच्या बाळांत जमा झाला तो असा.

शेवटच्या मापासाठी शंतनू त्याला घरी घेऊन आला. पुढच्या सीटवर बसवून, पट्टा बांधून, स्वानंदीची टोपी घालून, गाडीत दोघं असतील तरच जाता येणाऱ्या, फ्रीवेवरच्या कारपूल लेनमधून, निर्लज्जपणे एकटा. वसुधाने माहेरहून आणलेली हिरवी इरकल कापली. हात चराचरा कापत होते आणि तोंड चालू होतं: मोटर तापते म्हणून आत मलमलीचं अस्तर, चाबकाच्या हाताला बाजूने चीर, अँटेना टोपीच्या टोकात. डगने फोनवर घाबरत विचारलं, की वजन किती वाढेल? तिने कळवलं की साडीचं वजन विचारायची आमच्यात पद्धत नाही.

धुरी द्यायच्या दिवशी नेमका पाऊस. पॅटिओ गेला. मग तिने घमेल्यात निखारे घेऊन गॅरेजमध्ये बस्तान मांडलं, दरवाजा वीतभर उघडा ठेवला आणि ओवा, वेखंड, शेपा सढळ हाताने सोडल्या. कधी नव्हे ते काम मोठं होतं, मग धूरही तसाच. कुंची धुरवून शहाण्याला चढवते न चढवते तोच घरातला स्मोक अलार्म बोंबलू लागला. वसुधा टॉवेल फडफडवत आत धावली. अलार्म कुठून कुणाला कळला देव जाणे, पण लाल बंब सायरन वाजवत गल्लीत शिरला आणि दोन धिप्पाड जवान गॅरेजमध्ये घुसले.

धुरात त्यांना दिसलं ते असं. गाडीतल्या लहान मुलाच्या खुर्चीत हिरव्या कुंचीतलं एक मूल गप्प बसलेलं. शेजारी दुसरी मुलगी त्याला रिकाम्या वाटीतून चमचा भरवत.

"हे बडी, यू ओके?" एक जवान गुडघ्यावर बसून कुंचीत डोकावला.

"ही हॅज अ कोल्ड," स्वानंदीने सांगितलं आणि हातातल्या रिमोटचं बटण दाबलं.

शहाण्याने चाबूक उगारला. तो अगडबंब जवान मागच्या मागे रद्दीच्या ढिगाऱ्यावर कोसळला. दुसरा जवान आधी किंचाळला, मग हसायला लागला, आणि मग दोघांना हसूच आवरेना. वसुधा टॉवेल घेऊन बाहेर आली तेव्हा गॅरेजमध्ये हसण्याचा आणि खोकल्याचा नुसता गदारोळ चालला होता. तिने त्यांना चहा पाजला. जाताना त्यांनी शहाण्याबरोबर फोटो काढून घेतला.

मे महिन्यात सगळी वरात नेवाडात पोचली. डग, शंतनू, वसुधा, स्वानंदी आणि मधे पट्टा बांधून शहाण्या. दुसरी चाचणी घ्यायला सवडच झाली नव्हती. जे काय व्हायचं ते मालकाच्या डोळ्यांसमोरच होणार होतं. रँचवर ऊन भणभणत होतं. मालक आले. पांढऱ्या झग्यातले, शांत, हसणं हिशोबात असलेले. त्यांच्याबरोबर अल्ताफ. पंचविशीचा, काटकुळा, पाय जरा बाहेर फाकून चालणारा.

वसुधाला पाहून अल्ताफ हिंदीत बोलला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तो मूळचा पाकिस्तानातला. शहाण्याला उचलून मार्थाकडे नेताना तो मधेच थांबला, हातातल्या वजनाचा त्याने अंदाज घेतला.

"मैं इससे हल्का था, भाभी," तो म्हणाला.

वसुधाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"कितने साल के थे?"

"पता नहीं. दाँत नहीं गिरे थे. चढ़ाते वक़्त बहुत रोता था." एवढं बोलून त्याने कुंचीला नाक लावलं. "ख़ुशबू अच्छी है. चलेगी."

वसुधाने मार्थाकडे पाहून हात जोडले. घरचे देव लांब होते. जवळ तीच होती.

मार्थाने या खेपेला उडी मारली नाही. तिने कुंची हुंगली, ओठ हलवले आणि चक्क डोळे मिटले. डगने वसुधाकडे बघून अंगठा दाखवला. शहाण्या पाठीवर बांधला गेला. मालक आणि रिमोट घेतलेला डग गाडीत बसले. फाटक उघडलं. डगने बटण दाबलं, चाबूक फिरला.

आणि मार्थाने मान वळवली. तिला पाठीवरची कुंची हवी होती. मान पोचेना, म्हणून ती थोडी वळली. वळली तशी कुंचीही वळली, म्हणून ती आणखी वळली. बघता बघता मार्था जागच्या जागी गरगरा फिरायला लागली. हिरवी कुंची वाऱ्यावर फुगली, बंद उडू लागले, शहाण्या चाबूक फिरवतोय, मार्था त्याच्या मागे, तो मार्थाच्या वर, धुळीचा लोट आभाळाला. डग सगळी बटणं एकदम दाबत होता. स्वानंदी टाळ्या पिटत स्वतःभोवती फिरत होती. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

मालक गाडीतून उतरले. ते हळू आवाजात काहीतरी म्हणाले आणि अल्ताफचा चेहरा उतरला.

"क्या बोले?" वसुधाने विचारलं.

अल्ताफ जमिनीकडे बघत म्हणाला, "बोले, इससे तो लड़के अच्छे."

 वसुधाला आरशापुढे गिरक्या घेणारी स्वानंदी दिसली, छातीला बोटभर आवळ असलेला तो शर्ट दिसला. असं कसं होईल? कुंची आवडली, धुरी आवडली, मग या बयेला आणखी काय पाहिजे? आणि एकदम तिने कपाळावर हात मारून घेतला.

"बाप्पा! पुरचुंडी!"

"काय?" शंतनू ओरडला.

"ओव्याची पुरचुंडी! टाचली मी मानेपाशी! सवयीने!"

"वसू, यंत्राला सर्दी होते का गं?"

"मला काय माहीत! बाळाला टाचते तशी टाचली!"

तोवर ती मार्थापाशी पोचलीसुद्धा. अल्ताफने लगाम धरला, तिने कुंचीच्या आत हात घालून पुरचुंडी तटकन तोडली. मार्थाने तोंड लांब केलं आणि वसुधाच्या ओढणीला लाळ लावली. मार्थाचे ते ओलेचिंब ओठ, पसरलेल्या नाकपुड्या आणि निव्वळ ओव्यासाठी पाणावलेले डोळे बघून वसुधाच्या डोक्यात दिवा लागला.

"अल्ताफभाई, दोन मिनट रोको इनको. कैसे भी रोको!"

मग वसुधा पांढरीपांडे, काम करायची परवानगी नसलेली बाई, रँचवाल्या बाईंच्या पिकअप ट्रकमध्ये चढली. मागे त्यांचा बार्बेक्यू टाकला, निखाऱ्यांसकट. दुपारच्या जेवणासाठी तो पेटवलेलाच होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे शर्यत संपायची तिथे, त्यांनी तो उतरवला. वसुधाने निखाऱ्यांवर तिथलाच एक तवा ठेवून त्यात पुरचुंडी सोडली, आणि पर्समधला ओव्याचा डबासुद्धा उपडा केला. (ओव्याचा डबा पर्समध्ये कसा, असं कुणी विचारू नये. ती नागपूरची होती.) तव्यावर ओवा तडतडला. वारा तिच्याकडून मार्थाकडे वाहत होता. वाऱ्याचं हे एक बरं, त्याला व्हिसा लागत नाही.

तिकडे अल्ताफने मालकांना आणि डगला कसंबसं पुन्हा गाडीत बसवलं होतं. मार्थाने मान वर केली. एकदा हवा हुंगली. आणि सुटली!

काय सुटली म्हणून सांगावं! लांब लांब टांगा टाकत, मान पुढे, खालचा ओठ लोंबता, पाठीवर हिरवीगार कुंची फडफडतेय, कुंचीत शहाण्या ताठ बसलेला, चाबूक हवेत. मालकांची गाडी बाजूने धावतेय, डग खिडकीतून अर्धा बाहेर, शंतनू मैदानातून गाडीमागे पळत "कमॉन शहाण्या! कमॉन!" ओरडतोय. वसुधा तवा उंच धरून उड्या मारत होती. "ये बाई! ये माझी सोन्याची! ये!"

मार्था आली. थांबायचा मात्र तिचा विचार दिसेना. एवढं मोठं धूड आपल्या अंगावर येतंय हे वसुधाच्या जरा उशिरा लक्षात आलं. तिने डोळे मिटून तवा पुढे केला आणि ती ओरडली, "थांब गं बये!" धूळ अंगावर आली, गरम श्वास आला, आणि मग मचमच आवाज आला. मार्था ओवा खात होती. वर शहाण्या होता तसाच बसला होता. कुंचीचा एक बंदसुद्धा सुटला नव्हता.

मालक गाडीतून उतरले आणि पहिल्यांदाच बेहिशेबी हसले. बराच वेळ हसले. मग मार्थाभोवती एक चक्कर मारून त्यांनी शहाण्याला हात लावून पाहिलं आणि अल्ताफशी बोलले. अल्ताफने ते वसुधाला सांगितलं.

"मालिक कहते हैं, दौड़ना उनके ऊँटों को आता है, उसके लिए अजवाइन नहीं चाहिए. देखना यह था कि ऊँट इसको पीठ पर रखता है या नहीं. इसने रखा." त्याने मार्थाच्या मानेवर हात ठेवला. "कहते हैं, अगले सीज़न में हमारे यहाँ यही बैठेगा. लड़के घर जाएँगे. और भाभी, सबके लिए यह हरा कपड़ा चाहिए."

शंतनूने धापा टाकत वसुधाला मिठी मारली. डग मार्थाला मिठी मारायला गेला आणि थुंकी खाऊन परत आला. वसुधा एकाच वेळी हसत होती आणि पदर नसल्यामुळे ओढणीने, तीही मार्थाने उष्टावलेल्या, डोळे पुसत होती.

एवढ्यात स्वानंदी धावत आली. अल्ताफ मार्थाला खाली बसवून शहाण्याला उतरवत होता. पाठीवरची जागा रिकामी झालेली तिने पाहिली आणि दोन्ही हात वर केले.

"माय टर्न!"

अल्ताफ तिच्यासमोर उकिडवा बसला. "नहीं बेटा. अब बच्चे नहीं बैठते इसपर."

"बट शहाण्या गॉट टू!"

"वही बैठेगा. बच्चे नहीं."

"दॅट्स नॉट फेअर!" स्वानंदीने जमिनीवर लोळण घेतली आणि असा काही टाहो फोडला की रँचवरची कुत्रीसुद्धा गप्प झाली. पाय आपटत, नाक गळत, सगळ्या नेवाडाला ऐकू जाईल अशा आवाजात ती रडत होती, तिला उंटावर बसू देत नाहीत म्हणून.

वसुधा तिला उचलायला वाकली, तर अल्ताफने हात आडवा धरला. तो वाळूतच बसला होता आणि स्वानंदीकडे एकटक बघत होता. बघता बघता तो हसायला लागला, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते त्याने पुसलं नाही.

"रोने दो, भाभी," तो म्हणाला. "थोड़ा और रोने दो."